छापखान्यांतील जुने आजार आणि घरचा प्रिंटर

सोलापुरांत आमच्या भवानी पेठेंत आतां पुष्कळ घरीं प्रिंटर आला आहे. परीक्षेचा अर्ज असो वा सातबाराचा उतारा, तो घरींच छापतात. आणि नेमका ऐन वेळीं कागद अडकतो, नाहींतर अक्षर पुसट उठतें. हा ताप आजचा वाटतो खरा. परंतु मराठी मुद्रणाइतकाच तो जुना आहे.

मुंबईचे गणपत कृष्णाजी यांनीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत ही कला पाहिली, स्वतः लांकडी यंत्र घडविलें आणि १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. त्यांची मोठी अडचण यंत्राची नव्हती, शाईची होती. तींत चरबी असते या संशयानें सोवळ्यांतले लोक छापील कागदास शिवत नसत. आणि पंचांग तर देवाजवळ ठेवावयाचें! त्यांनीं तुपाची शाई केली, असें परंपरेनें सांगतात. शाई स्वतः सिद्ध करणाऱ्यास तिचा दोषही चटकन ओळखतां येत असला पाहिजे. आपणांस मात्र ती बंद डबींत मिळते, आणि बिघाड झाला कीं आपण हात टेकतों.

शिळाछापाचें तत्त्व सोपें आहे. दगडावर तेलकट शाईनें लिहावें व दगड ओला करावा. छापण्याची शाई तेलकट अक्षरासच धरते, ओल्या जागेस नाहीं. लेसर प्रिंटरांत हेंच निवडीचें काम वीज करते. न्यूयॉर्क येथें चेस्टर कार्लसन यांनीं २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं ही युक्ति प्रथम साधली. विजेच्या भारानें भुकटी अक्षराच्या जागीं चिकटते व उष्णतेनें कागदांत बसते. म्हणून अक्षर बोटानें पुसलें जात असेल, तर दोष उष्णता देणाऱ्या रुळाचा, नाहींतर कागद फार जाड आहे. इंकजेटची शाई पातळ. तिचीं छिद्रें केसाहून बारीक. आमच्या वैशाखांत तीं सुकून बुजतात व पानावर पांढरे पट्टे उमटतात. आठवड्यास एखादें रंगीत पान छापलें, तर छिद्रें सहसा बुजत नाहींत. वारंवार सफाईची कळ दाबल्यानें शाई मात्र फुकट जाते.

हातयंत्राच्या काळीं कागद मुद्दाम ओलसर करीत, म्हणजे शाई नीट बसे. आजच्या यंत्रास दमट कागद सोसत नाहीं. दोन पानें चिकटून आंत जातात. अशा वेळीं वीज बंद करावी, कागद त्याच्या जाण्याच्या दिशेनेंच दोन्ही हातांनीं हळू ओढावा, आणि फाटलेला तुकडा आंत राहूं देऊं नये.

राहिलीं जोडाक्षरें. मात्रा, रफार, उकार यांमुळें देवनागरीस इंग्रजीहून कितीतरी अधिक खिळे लागत. खिळ्याबाहेर आलेला रफार मोडे व कागदावर उठतच नसे. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्याचें सुबक अक्षर रणोजी रावजी आरू यांच्या हातचें. आज धाकटा मुलगा घरीं लिहिलेला मजकूर दुकानांत नेतो आणि तेथें त्याचीं जोडाक्षरें फुटतात. प्रिंटर निर्दोष असतो. त्या संगणकांत आपले खिळे, म्हणजे फॉन्ट, नसतात. मजकुराची पीडीएफ करून न्यावी, म्हणजे बहुधा खिळेही बरोबर जातात.