घाटाखालचा वकील आणि घाटावरचा कवी

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे बहुधा सांगली, पुणे, मुंबई आणि कोल्हापूर या मुक्कामांच्या दरम्यानच फिरत राहतात, आणि वऱ्हाडाचा उल्लेख झालाच तर तो एखाद्या नाटकमंडळीच्या उत्पन्नाच्या संदर्भात, म्हणजे कोठे गल्ला बरा जमला हे सांगण्यापुरता होतो. ही उपेक्षा सर्वस्वी अन्यायाची आहे असे मी म्हणणार नाही. कारण बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर या मुलुखाने रंगभूमीला किंवा पडद्याला सर्वतोमुखी झालेला नट दिला, असा दावा करण्यास मी धजणार नाही. परंतु नटाच्या मुखातून जे शब्द बाहेर पडतात ते कोणी तरी, कोठे तरी, दिव्याच्या उजेडात बसून लिहिलेले असतात. आणि त्या शब्दांचा माग काढीत गेले म्हणजे वाट पूर्णा नदी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव-जामोद नावाच्या तालुक्याच्या गावी, एका वकिलाच्या बैठकीत जाऊन थांबते.

या जिल्ह्यातले लोक आपल्या मुलुखाचे दोन भाग करतात. चिखली, मेहकर, बुलढाणा, सिंदखेडराजा हा घाटावरचा भाग, आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव-जामोद हा घाटाखालचा. जिल्ह्याची कचेरी घाटावर, पण काळी जमीन, कापूस आणि आगगाडी ही सारी घाटाखाली, अशी येथील विभागणी आहे. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर पुढच्या दोन दशकांच्या आतच जी. आय. पी. कंपनीची लोहमार्गाची रेषा भुसावळहून मलकापूर, शेगाववरून नागपूरपर्यंत गेली, आणि 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत एक आखूड फाटा केवळ कापसाच्या गाठींसाठी काढण्यात आला. सरकी काढण्याचे आणि गाठी दाबण्याचे कारखाने उभे राहिले, अडते आले, दलाल आले, आणि दसऱ्यानंतर कापूस बाजारात येऊ लागला म्हणजे एरवी जमाबंदीच्या हप्त्याखाली वाकलेल्या शेतकऱ्याच्या हातीही चार महिने रोकड खुळखुळू लागली. जेथे रोकड खुळखुळते तेथे नाटकमंडळी येणार, हा त्या काळचा अर्थशास्त्राचा साधा नियम होता.

मंडळी येई ती एखाद्या लहानशा संस्थानाच्या इतमामाने: पडद्यांच्या गुंडाळ्या, पोशाखाच्या ट्रंका, पेट्या, तबले, आचारी, पाणके, मॅनेजर, आणि या सर्वांच्या मागे पोरांचा तांडा. या पोरांकडे इतिहासाने फारसे पाहिलेले नाही. गोड गळ्याचा मुलगा दहाबारा वर्षांचा असतानाच मंडळीत यावा, बिऱ्हाडात जेवावे-निजावे, सकाळी गाण्याची तालीम आणि दुपारी अक्षरओळख व्हावी, प्रथम सख्या-दासींमध्ये उभे राहावे, नशीब उघडले तर नायिकेचे लुगडे नेसावे, आणि सोळा-सतराव्या वर्षी आवाज फुटला की एका रात्रीत सगळे दप्तर बंद व्हावे, असा या धंद्याचा क्रम होता. बडोद्याहून किर्लोस्कर मंडळीत आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रेचे शालीन रूप घेऊन महाराष्ट्रभर गाजले, पुढे पुरुषभूमिकांकडे वळूनही कीर्तिमान राहिले आणि 1901 मध्ये अकाली वारले. पण त्यांच्यानंतर आणि बालगंधर्वांच्या 1905 मधील आगमनापूर्वी ज्यांनी ते लुगडे सांभाळले त्या कृष्णराव गोऱ्यांचे नाव आज किती जणांस ठाऊक आहे? दोन तेजस्वी नावांच्या मध्ये सापडलेला नट हा काळाच्या हिशेबात नेहमीच शिल्लक बाकीसारखा पुढच्या पानावर ओढला जातो आणि तेथून नाहीसा होतो.

ज्या नाटकांत ही माणसे उभी राहिली त्यांपैकी बरीच नाटके लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे 1871 मध्ये नागपुरास जन्मले. पदवीसाठी पुण्यास गेलेल्या या तरुणाने 1893 मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात ‘विक्रमशशिकला’ या नाटकावर जे परीक्षण लिहिले ते इतके चिकित्सक होते की टीकाकार म्हणून त्यांचे नाव नाटककारापूर्वी झाले. दुसऱ्याच्या नाटकाचे वाभाडे काढणाऱ्याने स्वतः लिहून दाखवावे असे आव्हान आपल्याकडे पुष्कळांना दिले जाते, परंतु ते स्वीकारणारे थोडे. कोल्हटकरांनी ‘वीरतनय’ लिहिले, किर्लोस्कर मंडळीने ते 1896 मध्ये रंगभूमीवर आणले, आणि पारशी व उर्दू रंगभूमीवरच्या चटकदार चाली प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर मराठी पदांत शिरल्या. जुन्या रसिकांनी नाके मुरडली. पिटातल्या प्रेक्षकाने ती गाणी घरी नेली.

इतके यश पदरी पडल्यावर एखाद्याने मुंबई-पुण्यास बिऱ्हाड केले असते. कोल्हटकरांनी कायद्याची परीक्षा दिली आणि ते वऱ्हाडात परतले. अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद या ठिकाणी त्यांनी वकिली केली, आणि ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’ ही नाटके अशिलांच्या कैफियतींच्या आणि मुनसफाच्या कोर्टातल्या तारखांच्या आगेमागे लिहिली. हे जळगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. 1905 च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके बुलढाण्यास जोडण्यात आले, म्हणजे बुलढाण्याला आपला नाटककार एका सरकारी हुकुमाने मिळाला असे म्हणण्यास हरकत नाही. गावाला आगगाडी नाही. नांदुऱ्याच्या स्थानकावर उतरून पूर्णा ओलांडून जावे लागे. मंडळी आज नाशकात तर उद्या हुबळीस, आणि नाटककार या आडगावी. अशा स्थितीत जे नाटक बसते त्याचा पुष्कळसा संसार टपालावरच चालत असला पाहिजे.

कोल्हटकरांच्या कथानकांविषयी टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे: ती गुंतागुंतीची आहेत, वेषांतरांनी आणि योगायोगांनी भरलेली आहेत, पात्रे माणसांसारखी बोलण्याऐवजी कोटिक्रम लढवितात. हे आक्षेप मान्य करूनही मला वाटते की या रचनेचे मूळ शेक्सपियरइतकेच वऱ्हाडातल्या दिवाणी कोर्टात शोधावे. हरवलेला वारस, दडविलेला दस्तऐवज, शेवटच्या अंकात पुढे येणारा पुरावा, ‘गुप्तमंजूष’ आणि ‘जन्मरहस्य’ यांसारखी शीर्षके: ज्याचा दिवस वाटणीच्या आणि दत्तकाच्या कज्ज्यांत जातो त्याच्या कल्पनेला हे वळण लागणे स्वाभाविक आहे. ‘मूकनायका’त मद्यपानाचा आणि ‘मतिविकारा’त विधवाविवाहाचा प्रश्न त्यांनी घातला तोही वकिली पद्धतीने, दोन्ही पक्षांचे म्हणणे नोंदवून, आणि निकाल आधीच ठरवून. त्यांची नाटके आज होत नाहीत, आणि ती पुन्हा व्हावीत असा आग्रह धरण्याचे धाडस मला होत नाही. टिकले ते ‘सुदाम्याचे पोहे’, म्हणजे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या निमित्ताने रूढींची घेतलेली हजेरी. आणि टिकले ते महाराष्ट्रगीत, जे मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या अमलाखाली आयुष्य काढणाऱ्या माणसाने लिहिले हे आपण गाताना विसरतो. (याच गृहस्थाने भारतीय ज्योतिर्गणितावरही ग्रंथ लिहिला आहे, तालुक्याच्या गावी रात्री मोठ्या असतात.)

परंतु कोल्हटकरांचा खरा वारसा शिष्यांच्या नावे चढला. राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत मुलांचे मास्तर आणि दारावरचे तिकीट-राखणे अशी हलकी कामे करीत होते. त्यांनी कोल्हटकरांस गुरू मानले, गुरूची कोटी आणि विनोद उचलला आणि गुरूला न साधलेली उत्कटता त्यात ओतली. 1919 मध्ये नागपूरजवळ सावनेरास ते वारले तेव्हा त्यांचे ‘भावबंधन’ नुकतेच लिहून झाले होते. दुसरे शिष्य वि. स. खांडेकर, शिरोड्याच्या शाळेतले शिक्षक. म्हणजे पुन्हा आडगावच. 1934 मध्ये कोल्हटकर निवर्तले, आणि 1936 मध्ये खांडेकरांनी लिहिलेला ‘छाया’ हा चित्रपट मास्टर विनायकांनी पडद्यावर आणला. गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या अत्र्यांनी त्याच विनायकांसाठी 1938 मध्ये ‘ब्रह्मचारी’ लिहिला. सुदाम्याच्या बैठकीतला तो उपरोध दोन पिढ्या उतरून बोलपटात आला, आणि ज्याने तो प्रथम मराठी गद्यात आणला त्याच्या नावाची पाटी अर्थातच कोणत्याही चित्रपटाच्या आरंभी लागली नाही.

बोलपटाने नाटकमंडळ्यांचा वऱ्हाडातला हंगाम मोडला. चाळीस-पन्नास माणसांचे बिऱ्हाड आगगाडीने हलविण्यापेक्षा पत्र्याच्या डब्यातली रिळे हलविणे स्वस्त होते, आणि त्याच सुमारास जागतिक मंदीने कापसाचा भावही बसला, तेव्हा घाटाखालच्या गावांना दोन्ही बाजूंनी मार बसला. नटांचे काय झाले? चिंतामणराव कोल्हटकरांनी (या कथेतले हे तिसरे कोल्हटकर, वाचकाने गोंधळू नये) ‘भावबंधना’तला घनश्याम गाजविला, दीनानाथ मंगेशकरांबरोबर बळवंत संगीत मंडळी चालविली, आणि 1934 मध्ये त्याच मंडळीच्या बळावर ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हा बोलपट काढून पाहिला, त्या उद्योगाने मंडळीला तारले नाही. चिंतामणरावांनी उतारवयात ‘बहुरूपी’ हे आत्मचरित्र लिहिले आणि त्यास 1958 मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. विष्णुपंत पागनीस तरुणपणी स्त्रीभूमिका करीत. पुढे भजने गात, संगीत शिकवीत ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते, तोच ‘प्रभात’ने 1936 मध्ये त्यांना तुकाराम केले. पण अशा एका पागनीसामागे कित्येक जण दारोदार गाण्याच्या शिकवण्या करीत किंवा गावी परतून शेतीच्या आणेवारीत नाव लावून राहिले, आणि त्यांची आत्मचरित्रे कोणी लिहिली नाहीत.

आतापर्यंतची हकिगत घाटाखालची झाली. घाटावर आगगाडी गेली नाही, आणि बिऱ्हाडासह फिरणाऱ्या मंडळीला बैलगाड्यांनी घाट चढविण्याची हौस क्वचितच असणार. मेहकरास कांचनीचा महाल म्हणून एक पडकी वास्तू दाखवितात. लोकपरंपरा ती एका नर्तकीशी जोडते. नाव राहिले, नृत्य गेले, आणि त्या मुलुखातल्या कलावंतांच्या नोंदवहीचे पहिले पान असे दगडाचेच आहे. याच मेहकरात आणखी एक वकील राहत असत: नागोराव घनश्याम देशपांडे, जन्म 1909, जिल्ह्यातल्याच शेंदुरजनचे. त्यांची ‘शीळ’ ही कविता विदर्भातलेच गायक गोविंदराव जोशी, तेही कायद्याचे पदवीधर, मैफलीत गात असत; 1932 मध्ये हिज मास्टर्स व्हॉइसने त्यांच्या आवाजात ती मुद्रित केली आणि मराठी भावगीताचे युग त्या तबकडीपासून मोजण्याची प्रथा पडली. आगगाडी नसलेल्या गावाला तबकडी चालत होती. ती कोणाच्याही ट्रंकेत बसून घाट चढत-उतरत असे. गायकाला पुढे त्याच कंपनीत अधिकाराची जागा मिळाली आणि तो मुंबईकर झाला. कवी मेहकरातच राहिले. ज्या कवितेने घरोघर त्यांचे शब्द पोहोचले ती पुस्तकात यावयास 1954 साल उजाडावे लागले, म्हणजे तबकडी आणि काव्यसंग्रह यांच्यामध्ये बावीस वर्षे गेली; आणि 1986 मध्ये ‘खूणगाठी’स साहित्य अकादमीचा मान मिळाला तेव्हा कवी पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. ‘कांचनीचा महाल’ हे त्यांच्या एका अखेरच्या संग्रहाचे नाव आहे.

तिसरे नाव आपल्या काळातले असल्याने त्याविषयी थोडक्यात सांगतो. चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी, शिकून बेकार राहिलेल्या शेतकरीपुत्राची, 2004 मध्ये साहित्य अकादमीची मानकरी ठरली आणि 2012 मध्ये धीरज मेश्राम यांनी तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट केला. सीमा विश्वास आणि सुब्रत दत्ता यांच्यासारखे कसलेले नट त्यात आहेत. मात्र चित्रपट हिंदीत आहे. कापसाच्या ज्या पैशाने शंभर वर्षांपूर्वी पिटातली तिकिटे विकत घेतली जात, त्याच कापसाच्या बुडीत हिशेबावर ही कादंबरी उभी आहे, आणि तिच्यातली माणसे भांडतात, रडतात, शिव्या देतात ती घाटावरच्या वऱ्हाडी बोलीत. पडद्यावर ती बोली ऐकावयाची तर प्रेक्षकाला अजून कादंबरीच उघडावी लागते.