घड्याळजीचा बाक

प्लंबिंगमधली सगळ्यात हुशार गोष्ट प्लंबरने शोधलेली नाही, हे मला आधीच कबूल करायला हवं. गिरगावात आमचा वडिलांपासूनचा धंदा, लायसन्सही वडिलांच्या मागून मलाच मिळालं. तरी हे श्रेय आमच्या जातभाईंना देता येत नाही. ते जातं एका घड्याळजीला.

अलेक्झांडर कमिंग मूळचा स्कॉटलंडचा, दुकान लंडनच्या बाँड स्ट्रीटवर. १७६५ साली त्याने तिसऱ्या जॉर्ज राजासाठी हवेचा दाब नोंदवत राहणारं घड्याळ बनवलं होतं. हवा किती जोर लावते हे ज्याला दातेरी चाकांतून कागदावर उतरवता येतं, त्याला गटारातली हवा कशी अडवायची हेही सुचू शकतं. १७७५ साली त्याने शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्यात भांड्याखालची नळी इंग्रजी ‘एस’सारखी वाकवलेली होती. त्या बाकात थोडं पाणी कायम उभं राहतं. वरून पाणी ओतलं की जुनं पुढे जातं, नवं त्याची जागा घेतं. खालची हवा वर यायची तर तिला त्या पाण्यात बुडी मारून यावं लागतं, आणि तेवढा जोर तिच्यात नसतो. ना स्प्रिंग, ना बिजागरी, ना झिजणारा भाग.

तशी पाण्याने धुतली जाणारी शौचकूपं त्याआधीही होती. सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ साली आपल्या यंत्राचं वर्णन छापलं होतं, आणि हा गृहस्थ पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. वर टाकी, खाली झडप. पण मध्ये बाक नव्हता. त्यामुळे झडप उघडली की खालच्या खड्ड्याचा वास थेट खोलीत.

गंमत अशी की बाक शोधूनही कमिंगचा त्याच्यावर पुरता विश्वास बसलेला दिसत नाही. बाकाच्या वर त्याने एक सरकती झडप ठेवलीच. तीच दगा देई. घाण अडकून नीट मिटत नसे. तीन वर्षांनी, १७७८ साली, जोसेफ ब्रामा नावाच्या सुताराने (पुढे कुलपांसाठी नाव काढलं तोच हा) तिथे बिजागरीची झडप बसवली. पुढची शंभर वर्षं श्रीमंत इंग्रजांच्या घरांत ही झडपवाली भांडीच चालली. १८८० च्या दशकात ट्वायफर्डसारख्या चिनीमातीवाल्यांनी एकसंध भांडी काढली आणि झडप हळूहळू हद्दपार झाली. राहिलं ते नुसतं पाणी. झडप विरुद्ध पाणी हा खटला घरापुरता तिथे निकालात निघाला.

एवढी शंभर वर्षं लोक वासाच्या मागे का लागले होते? नाक मुरडायला आवडत नव्हतं म्हणून नव्हे. त्या काळच्या शहाण्यासुरत्यांचं ठाम मत होतं की वास हाच रोग. एडविन चॅडविक या इंग्लंडच्या आरोग्यसुधारकाने १८४६ साली संसदेच्या समितीपुढे तीव्र दुर्गंधी म्हणजे आजारच असं सांगितलं होतं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी सडली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. त्याच धास्तीतून बॅझलगेट या इंजिनिअरला लंडनची गटारं बांधायला पैसा मिळाला. १८७१ च्या अखेरीस खुद्द युवराज टायफॉइडने मरता मरता वाचला. स्कारबरोच्या ज्या घरी तो पाहुणा होता, तिथलाच आणखी एक पाहुणा, चेस्टरफील्डचा उमराव, आणि युवराजाचा मोतद्दार हे दोघे गेले. दोष आला घरातल्या गटाराच्या हवेवर. मग काय, प्लंबर हा इंग्लंडात एकाएकी डॉक्टरच्या बरोबरीचा माणूस झाला. स्टीव्हन्स हेलियर नावाच्या लंडनच्या प्लंबरने १८७७ साली घरांच्या नळजोडणीवर पुस्तकच लिहिलं आणि तेव्हा घरोघरी असलेल्या शिशाच्या ‘डी’ ट्रॅपवर (ट्रॅप म्हणजे हाच बाक) तोफ डागली. त्याचं म्हणणं सरळ होतं: ज्या बाकाच्या कोपऱ्यात घाण साठून राहते, तो वास अडवत नाही, वास तयार करतो. हे वाक्य मी माझ्या हाताखालच्या पोरांना, हेलियरचं नाव न घेता, आयुष्यभर ऐकवलं आहे.

कारण चूक आणि उपाय बरोबर, असं लंडनात झालं. टायफॉइड हवेतून नाही, दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. पण वासाच्या भीतीने गटारं झाली, पाणी वेगळं झालं, माणसं वाचली. आमच्या मुंबईत तीच समजूत इतकी सोयीची ठरली नाही. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मांडवीतल्या रुग्णांवरून हा प्लेग आहे असं सांगितलं, तेव्हा पालिकेने पहिलं काय केलं? गटारं आणि हाऊस गल्ल्या समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुवून काढल्या. दोन इमारतींच्या पाठींमधली ती अरुंद गल्ली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती धुण्यात गैर काही वाटणार नाही. पण प्लेग गल्लीच्या वासात नव्हता. उंदरांवरच्या पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ साली दाखवला. तोवर पिचकाऱ्या मारून झाल्या होत्या.

चाळींनी मात्र घड्याळजीचा बाक नीट आत्मसात केला. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, मोरीला जाळी, जाळीखाली नहाणी ट्रॅप. त्याचं पाणी बाहेरच्या उभ्या पाइपातून खाली गल्ली ट्रॅपवर पडायचं आणि तिथून चेंबरला. म्हणजे गटार आणि माणूस यांच्यामध्ये पाण्याचे दोन पहारे. नहाणी ट्रॅपमध्ये उभ्या पाण्याची उंची साधारण ५० मिलिमीटर, जेमतेम दोन इंच. सगळी भिस्त त्या दोन इंचांवर.

ते दोन इंच कसे जातात, हे कळायला चाळीत काम करावं लागतं. वरच्या मजल्यावर कुणी भरलेलं घमेलं एकदम मोरीत रिकामं केलं की उभ्या पाइपातून पाण्याचा गोळा खाली सुटतो आणि मागे हवा ओढत नेतो. त्या ओढीत खालच्या मजल्यावरच्या ट्रॅपचं पाणी गुटकन खेचलं जातं. मग खालची बाई म्हणते वास येतो, वरची म्हणते आमच्याकडे तर येत नाही, आणि दोघीही खरं बोलत असतात. यावरचा इलाज म्हणजे पाइप गच्चीच्या वर काढून त्याला हवा घ्यायला तोंड ठेवायचं. दुसरी गोष्ट, मे महिन्यात बिऱ्हाड गावी गेलं की ट्रॅप सुकतो. जाताना मोरीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडंतेल सोडायचं. तेलाचा पापुद्रा पाणी उडू देत नाही. माझी आई हे करायची. कमिंगचं नाव तिने कधी ऐकलेलं नव्हतं.

आता एवढं सगळं सांगण्याचं निमित्त. माझा पुतण्या न्यूझीलंडला असतो. त्याने एक जुनी जपानी व्हॅन घेतली, आत ओटा, सिंक, बिछाना आणि उभं राहण्यापुरतं न्हाणीघर. सुटी मिळाली की नवराबायको तीत बसून समुद्रकाठी जाऊन राहतात. तिथे २०११ पासून त्यासाठी कायदा आहे, आणि गाडी ‘स्वयंपूर्ण’ ठरण्याचं मानक तर त्याहून जुनं, २००१ चं: माणशी दिवसाला चार लिटर पाणी, तीन दिवसांची सोय, तेवढंच सांडपाणी मावेल अशी बंद टाकी, आणि सिंकखाली वास अडवणारा ट्रॅप. २०२३ साली नियम आणखी कडक होऊन संडासही गाडीला पक्का बसवलेला हवा असं ठरलं. कायदा वाचून मला बरं वाटलं. सिंकखाली ट्रॅप असावा असं एखाद्या देशाने गाड्यांसाठी लिहून ठेवणं ही थोर गोष्ट आहे.

“काका, तरी पण वास मारतोय,” पुतण्या व्हिडिओवर म्हणाला.

मी विचारलं, कधी? ब्रेक मारला की, आणि छपराचा पंखा लावला की. इथे निम्मं निदान झालं. फोन सिंकखाली धर म्हटलं. सिंकपासून टाकीपर्यंत घड्याघड्यांची लवचीक नळी गेलेली, मध्ये झोळ पडलेला. हेलियर असता तर काठी घेऊन धावला असता. न्हाणीच्या जाळीखाली तर बाकच नाही, कारण फरशी आणि टाकी यांच्यात बाक मावेल एवढी उंचीच नाही.

आणि बाक असला तरी काय? कमिंगच्या पाण्याला घर उभं लागतं. गाडी वळली की ते दोन इंच हिंदकळतात, घाटात कलंडतात, उन्हात उभ्या गाडीत सुकून जातात. छपराचा पंखा आतली हवा बाहेर फेकतो. खिडक्या बंद असतील तर तेवढी हवा तो कुठून तरी आणणारच, आणि उघडी वाट असते ती नळीतून टाकीची. टाकीत तेलकट खरकटं आणि साबणाचा गाळ हवेवाचून कुजतो. तिथेच सडक्या अंड्यांचा तो वायू तयार होतो.

म्हणून चाकांवरच्या घरांनी घड्याळजीला सोडून पुन्हा झडपेचा रस्ता धरला, हे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडलेलं वळण. हेपवर्थ या ब्रिटिश कंपनीने एक ट्रॅप काढला, त्यात पाणीच नसतं. नळीच्या आत एक मऊ पडद्याची चपटी नळी असते. पाणी आलं की ती उघडते, गेलं की आपोआप मिटते, आणि पलीकडून हवेने रेटलं तर आणखी घट्ट मिटते. आडवी बसते, उंची मागत नाही, हिंदकळत नाही. ब्रामाकडे होती ती नुसती बिजागरी. त्याला असा रबरी पडदा मिळाला असता तर बाकाची गरज पडली असती का, असा प्रश्न मी स्वतःशी करतो. पडली असती, असं माझं मत आहे. शौचकूपातून जे जातं ते त्या पडद्याला झेपणारं नाही.

पुतण्याने अशा दोन झडपा बसवल्या, एक सिंकला, एक न्हाणीला, उतार टाकीकडे. झोळाची नळी काढून गुळगुळीत पाइप घातला. टाकीला हवेची नळी होती, पण तिचं तोंड गाडीखालीच होतं. ते छपराच्या वर नेलं, चाळीच्या गच्चीवरचीच रीत. बायकोने नियम घातला की ताट आधी कागदाने पुसायचं, मग सिंकमध्ये. टाकी डम्प स्टेशनवर रिकामी केली की गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून थोडं अंतर गाडी चालवायची, म्हणजे टाकी आतून घुसळून निघते, आणि मग पुन्हा रिकामी करायची.

नंतर त्याने विचारलं, टाकीत दर आठवड्याला कडक फिनेल ओतू का, म्हणजे निर्धास्त. मी म्हटलं, नको. गाळ काढ, औषध नको. पडद्यात केस अडकतात तेवढे बघ, दर दोन-तीन महिन्यांनी झडप खोलून नळाखाली धर, आणि परत लावताना बाणाची दिशा टाकीकडेच ठेव.