रिकामी झोपडी

आई इथे आली होती तेव्हाची गोष्ट. भारतातून कुणी आलं की वॉशिंग्टनची वारी ठरलेली. लिंकनचा पुतळा, कॅपिटॉल, विमानांचं म्युझियम, आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणून कुठेतरी बाकावर बसून घरून नेलेल्या दशम्या. यावेळी मी जरा हट्टाने आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या म्युझियममध्ये नेलं. २०१६ साली उघडलेलं, म्हणजे तसं नवंच. खालच्या मजल्यांवर फिरता फिरता आम्ही एका लाकडी झोपडीसमोर आलो. चित्र नाही, प्रतिकृती नाही, खरीखुरी झोपडी. साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो नावाच्या बेटावर १८५३च्या आसपास बांधलेली, कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांची. २०१३ साली फळी न् फळी सुटी करून इथे आणली.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आपला बैलांचा गोठा याच्याहून मोठा होता गं."

मी 'हं' केलं आणि पुढे चालू लागले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. घरी आल्यावर सवयीप्रमाणे एडिस्टो बेट म्हणजे काय भानगड आहे ते शोधत बसले आणि रात्री दीड वाजता एका पत्रापाशी येऊन थांबले. १८६५ सालचं पत्र. त्याच्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी थोडं मागे जावं लागेल. कंटाळा आला तर सरळ खाली जा, माझा राग नाही.

आपल्या शाळेच्या पुस्तकात अमेरिकेतली गुलामगिरी एका वाक्यात संपते. लिंकनने गुलामांना मुक्त केलं. पूर्णविराम, पुढचा धडा. मार्क दोन. १८६१ ते १८६५ असं चार वर्षं युद्ध झालं, सहा लाखांवर माणसं मेली (नवे अंदाज सात-साडेसात लाखांपर्यंत जातात), डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. हे सगळं खरंच आहे. पण जवळजवळ चाळीस लाख माणसं मोकळी झाली म्हणजे नक्की काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली कुठे? जेवली काय? राहायचं घर मालकाचं, जमीन मालकाची, बैल-नांगर मालकाचे, पेरायचं बीही मालकाचं. आणि मालक हरलेला असला तरी मेलेला नव्हता.

(जाता जाता एक. नुकसानभरपाई मिळाली होती, कुणालाच मिळाली नाही असं नाही. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मोकळे केले तेव्हा माणशी तीनशे डॉलरपर्यंत रक्कम द्यायचं ठरलं. मालकांना! हे मी दोनदा वाचून खात्री करून घेतली.)

तर, जानेवारी १८६५. युद्ध संपत आलंय. जनरल शर्मन जॉर्जिया जाळत समुद्रापर्यंत येऊन सव्हाना शहरात थांबलाय. त्याच्या फौजेमागून हजारो मुक्त झालेले लोक चालत आलेत आणि त्यांचं करायचं काय हे कुणालाच कळत नाहीये. १२ जानेवारीला शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी गावातल्या वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, तुम्हाला काय हवंय? आजच्या काळातही सरकारने असं कुणाला विचारलं तर ती बातमी होईल.

त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझिअर. वय ६७. आठच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःला आणि आपल्या बायकोला विकत घेतलं होतं, हजार डॉलरचं सोनं-चांदी मोजून. त्यांना विचारलं गुलामगिरी म्हणजे काय, तर ते म्हणाले की दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या श्रमाचं फळ जबरदस्तीने घेणं. आणि स्वातंत्र्य म्हणजे आपल्या कष्टाचं फळ आपल्याला मिळणं. त्यासाठी काय पाहिजे? जमीन. आम्ही ती कसू, आमचं आम्ही भागवू, पुढे विकतही घेऊ. मला यात सगळ्यात काय आवडलं असेल तर हा हिशेबीपणा. मोठमोठे शब्द नाहीत. शेतकरी माणसाचं उत्तर आहे ते.

चौथ्या दिवशी शर्मनने हुकूम काढला. चार्ल्सटनपासून खालची समुद्रकाठची बेटं आणि नद्यांकाठची मालकांनी सोडून दिलेली भातशेतं मुक्त झालेल्यांना द्यायची, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत. ते प्रसिद्ध 'चाळीस एकर आणि एक खेचर' इथून आलं. (खेचर मूळ हुकुमात नव्हतं.) सहा महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनींवर वसली. एडिस्टो त्यातलंच एक बेट. गोरे मळेवाले युद्धाच्या सुरुवातीलाच पळून गेले होते. आता तिथे लोकांनी आपापल्या नावाने पेरलं.

पण तो हुकूम होता, सातबारा नव्हता.

एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाला. मूळचा गरीब शिंपी, बड्या मळेवाल्यांचा त्याला मनापासून तिटकारा. लोकांना वाटलं हा त्यांना सोडणार नाही. झालं उलटंच. मे महिन्यात त्याने माफीची घोषणा केली. एकनिष्ठेची शपथ घ्या, मालमत्ता परत, फक्त गुलाम मिळणार नाहीत. अगदी श्रीमंतांनी मात्र स्वतः अर्ज करायचा. ते अर्ज घेऊन मळेवाले आले आणि जॉन्सन माफ करत गेला. त्याच्या मते देश पुन्हा जोडायचा होता, आणि जोडायचा म्हणजे गोऱ्यांना गोऱ्यांशी.

आता ही बातमी बेटांवर जाऊन सांगायची कुणी? ते काम आलं जनरल ऑलिव्हर हॉवर्डकडे. मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या सरकारी खात्याचा हा प्रमुख, भला माणूस. १८६२च्या लढाईत उजवा हात गमावलेला. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला याचंच नाव आहे. ऑक्टोबर १८६५ मध्ये तो एडिस्टोच्या चर्चमध्ये उभा राहिला. चर्च खच्चून भरलेलं. त्याने सांगितलं की जमिनी मूळ मालकांना परत जाणार, तुम्ही त्यांच्याशी मजुरीचे करार करा, झालं गेलं विसरून त्यांना क्षमा करा. लोकांत एकच गलका झाला. काय करावं सुचेना तेव्हा त्याने लोकांना गाणं म्हणायला सांगितलं, आणि एका बाईने दुःखाचं एक गाणं सुरू केलं. त्याने स्वतःच्या आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय. मला त्याची कीव येते आणि रागही येतो. लोकांना गायला काय सांगतोस बाबा...

मग बेटाच्या लोकांनी तिघांची समिती नेमली. हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन. त्यांनी हॉवर्डला उत्तर लिहिलं. हेच ते पत्र.

त्यात ते म्हणतात, युद्धात आम्ही तुमच्या बाजूने होतो आणि ते तुमचे शत्रू होते. आता सरकार शत्रूंशी मैत्री करतंय आणि आम्हाला दिलेला शब्द मोडतंय. आमच्या वाडवडिलांची हाडं ठेवायलाही जागा उरू नये असा यांचा डाव आहे. आणि मग क्षमेचा मुद्दा. तुमचा फक्त उजवा हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून मारलं, जो मी त्याची पेरणी त्याच्याच भावाने करीन तरच मला त्याच्या रिकाम्या झोपडीत राहू देईल, त्या माणसाला क्षमा करणं मला जमायचं नाही.

रिकामी झोपडी! मी खुर्चीत ताठ बसले. आम्ही पाहिली ती हीच म्हणून सांगता येणार नाही, बेटावर अशा कितीतरी असतील. पण तसलीच.

उत्तरात हॉवर्डने पुन्हा करारच करायचा सल्ला दिला. १८६६च्या सुरुवातीला सैनिक आले आणि ज्यांच्याकडे जमिनीचे रीतसर कागद नव्हते त्यांना सांगितलं, करार करा नाहीतर निघा. जवळच्याच सेंट हेलेना बेटावर मात्र थोडं वेगळं घडलं. तिथल्या मळ्यांनी युद्धकाळात कर थकवला म्हणून सरकारने १८६३ पासून त्यांचे लिलाव केले होते, आणि काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी पैसे जमवून त्यात जमीन घेतली होती. त्या जमिनी टिकल्या. काहींचे वंशज आजही तिथे आहेत. खरेदीखत होतं ना! माफीच्या एका सहीने हुकूम रद्द होतो, खरेदीखत सहजी होत नाही. त्याच भागातल्या ब्युफर्ट गावात रॉबर्ट स्मॉल्सने तर कराच्या लिलावातून आपल्या जुन्या मालकाचंच घर घेतलं. हा तो पठ्ठ्या ज्याने १८६२ मध्ये चार्ल्सटन बंदरातून दक्षिणेचं अख्खं जहाज पळवलं होतं. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. त्याच्यावर वेगळी पोस्ट लिहायला हवी.

जमीन न मिळाल्याचा परिणाम लगेच दिसला. १८६५ संपायच्या आत साउथ कॅरोलायनाने कायदे केले. कृष्णवर्णीय माणसाला शेती किंवा घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर परवाना आणि वर्षाला शंभर डॉलरपर्यंत कर. करारात शब्द कुठले, तर 'मालक' आणि 'नोकर'. हे असं उघड उघड चाललेलं पाहून उत्तरेतले लोक भडकले आणि १८६७ पासून संसदेने सूत्रं हातात घेतली. चौदावी दुरुस्ती झाली, १८७० मध्ये पंधरावी झाली, मतदान आलं. पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे दोन हजार कृष्णवर्णीय माणसं कसल्या ना कसल्या सार्वजनिक पदावर बसली. साउथ कॅरोलायनाच्या विधानसभेत तर त्यांचं बहुमत होतं. त्या राज्यात सगळ्यांसाठी सरकारी शाळा याच लोकांनी आणल्या, गोऱ्या गरिबांच्या पोरांसाठीसुद्धा. हे काही थोडकं नाही. पण दिवसा मत देणारा माणूस रात्री ज्याच्या जमिनीवर झोपतो तो त्याच्या विरोधातला असला की त्या मताचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. अर्ध्या वाट्याची शेती, दुकानदाराची उधारी, आणि मुखवटे घालून येणारे घोडेस्वार. एप्रिल १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून निदान साठ, कदाचित दीडशे कृष्णवर्णीय मारले गेले. बहुतेक शरण आल्यावर. तिघांना शिक्षा झाली आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली.

१८७३ हा आकडा वाचून मी पुन्हा थबकले. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. ते त्यांनी अमेरिकेतल्या, गुलामांना मोकळं करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय, माझ्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. तिकडे कोलफॅक्स, इकडे ही अर्पणपत्रिका. आधी मला हे फार क्रूर वाटलं. मग वाटलं, फुल्यांनी कौतुक केलं ते जे झालं त्याचं, आणि ते खरंच झालं होतं. चाळीस लाख माणसांना आता बाजारात उभं करून विकता येत नव्हतं. पुढचं काम उरलं होतं ते इकडेही उरलंच होतं.

१८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा गुंता सुटला आणि दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या फौजेने हात आखडते घेतले. देश जोडला गेला. १९१३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर पन्नास हजारांहून अधिक म्हातारे सैनिक जमले, दोन्हीकडचे, आणि जुन्या शत्रूंनी कुंपणावरून एकमेकांचे हात हातात घेतले. फोटो बघून डोळे भरून येतात, खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांमधून कृष्णवर्णीय कारकुनांना वेगळं बसवायला सुरुवात झाली.

आता घरचं. नातेवाईक वाचतात हे ठाऊक असूनही लिहिते. आमचं घर कोकणातलं, खोताचं. 'कूळकायद्यात आमचं सगळं गेलं' हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकलंय. बाबासाहेबांनी खोती बंद करायचं विधेयक १९३७ सालीच मांडलं होतं, पण खोती गेली १९४९च्या कायद्याने, आणि मग १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. आजी तो दिवस सुतक असल्यासारखा सांगायची. कुळं कशी उलटली, ज्यांना अडीअडचणीला तांदूळ दिले तेच कसे तलाठ्याकडे जाऊन उभे राहिले. आम्ही नातवंडं हळहळायचो. एडिस्टोचं पत्र वाचेपर्यंत, खरं सांगते, त्या गोष्टीला दुसरी बाजू असेल असं मला एकदाही वाटलं नव्हतं. आमच्याकडे फटके नव्हते, असं आई म्हणते. अर्धेल होती, वेठ होती, आणि कूळ ओटीवर चढत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी आईला विचारलं, खालच्या मळ्यात आपलं कूळ होतं त्याचं नाव काय गं? तिने लगेच सांगितलं. पहिलं नाव, एकेरी. मी म्हटलं, पूर्ण नाव?

अमेरिकेत १८६०च्या खानेसुमारीत गुलामांच्या यादीत नावं नसतातच. मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. पूर्ण नावानिशी ती माणसं पहिल्यांदा सापडतात १८७० मध्ये. हे मी तिला सांगत होते तेव्हा ती कपातल्या चहाकडे बघत आठवत होती. नवऱ्याच्या आजोळपर्यंतची सगळी नावं तोंडपाठ असलेली बाई.

"नाही बाई," ती म्हणाली. "आम्ही कधी विचारलंच नाही. आता सातबाऱ्यावर असेल बघ."