क्रोमखालचे निकेल

जुन्या मोटारीच्या बंपरवर दिसणारे तांबूस ठिपके क्रोमचे नसतात. क्रोम गंजत नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी शिरून आतले पोलाद गंजते. ते तसे गंजू नये ही जबाबदारी मुळात क्रोमची नव्हतीच.

१९१० च्या सुमारास मोटारींचे दिवे, भोंगे आणि रेडिएटर पितळेचे असत. पितळ काळवंडते, म्हणून ते सतत घासावे लागे. श्रीमंतांघरी हे काम शोफरच्या वाट्याला येई. फोर्डने १९१७ च्या मॉडेल टीपासून पितळी रेडिएटर सोडून काळ्या पोलादी आवरणाचा आणला. इतरांनी निकेलचा मुलामा पत्करला, पण त्याचीही चमक कालांतराने मंदावे.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी क्रोमियमच्या मुलाम्याची व्यवहारात टिकणारी पद्धत सिद्ध केली. दशक संपेपर्यंत अमेरिकी गाड्यांवर निळसर, न काळवंडणारी चकाकी सर्रास दिसू लागली. शोफरची घासपूस सुटली.

मात्र हा थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा; केस त्याच्या शंभरपट जाड. खरा पहारा त्याखालच्या, कितीतरी जाड निकेलचा. हे सर्वसामान्यांना कळले ते कोरियन युद्धात. जेट इंजिनांच्या मिश्रधातूंसाठी निकेल राखून ठेवले गेले, आणि १९५२ च्या सुमाराच्या अनेक अमेरिकी गाड्यांवर तांब्यावर थेट क्रोम चढवून वर पारदर्शक लॅकर फासले गेले. लॅकर उडाले की बंपर डागाळू लागत. दोष कारागिरांचा नव्हता, त्यांच्यापाशी निकेलच नव्हते.

म्हणून अशी गाडी हाती आल्यास आधी साबणपाण्याने धुवावी. गंजाच्या ठिपक्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद ओला करून हलकेच फिरवावा, मग कोरडे पुसून मेण लावावे. तारेची घासणी टाळावी. लॅकर शिल्लक असेल तर ती ते आधी खरवडते. न्हाणीघर धुण्याचे आम्ल तर मुळीच नको, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात क्रोम विरघळते. मुलामा फुगून सुटला असेल तर घासण्यात अर्थ नाही, तो भाग पुन्हा मुलाम्यालाच द्यावा लागतो. प्रदर्शनांत लखलखणारे १९५२ चे बंपर बहुधा असेच नव्याने घडलेले असतात, आणि या खेपेस त्यांच्या क्रोमखाली निकेल असते.