जेटफायर : टर्बो बसवला आणि उतरवला

१९६२ साली अमेरिकेतील ओल्डस्मोबिल कंपनीने ‘जेटफायर’ ही मोटार बाजारात आणली. तिचे ३.५ लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन मुळात वातावरणाच्या दाबावर हवा ओढणारे. त्याला आता टर्बोचार्जर जोडला होता. एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरे आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबे. शक्ती २१५ अश्वशक्तीवर गेली, म्हणजे दर घनइंचास एक.

अडचण पुढेच होती. कोंबलेले मिश्रण आधीच तापलेले असते. पिस्टनने ते आणखी दाबले, की ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटते आणि इंजिन ‘नॉक’ करू लागते. म्हणून टर्बो बसवताना कॉम्प्रेशन रेशो उतरवतात. त्याच वर्षीच्या टर्बो कॉर्व्हेअरमध्ये शेव्हरलेने तेच केले. ओल्डस्मोबिलने मात्र १०.२५:१ हे प्रमाण हट्टाने राखले आणि नॉकिंग आवरण्यासाठी शुद्ध पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडले. त्याची टाकी वेगळी, आणि ती भरण्याची जबाबदारी मालकाची.

कागदावर चोख असलेली ही योजना इथे फसली. पेट्रोल न विसरणारा माणूस ही टाकी हमखास विसरे. ती रिकामी झाली, की इंजिन वाचवण्यासाठी टर्बोचा दाब आपोआप रोखला जाई, आणि ज्या जोमासाठी जादा पैसे मोजले तोच नाहीसा होई. १९६३ नंतर जेटफायर बंद पडली. १९६५ मध्ये टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय झाली, तीही विनामूल्य. अनेकांनी ती घेतली. त्यामुळे मूळ टर्बोसह उरलेली जेटफायर आज दुर्मीळ आहे.