कमरेच्या सांध्यांची असमानता आणि गादीचे विकार

कमरेच्या दर दोन मणक्यांना मागच्या बाजूने डावा-उजवा असे दोन छोटे सांधे जोडतात. त्यांचे कोन सारखे नसले, की त्याला फॅसेट ट्रोपिझम म्हणतात. एमआरआयच्या आडव्या छेदात तो फरक मोजता येतो.

फारफान व सलिव्हन या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याचा संबंध दोन मणक्यांमधली गादी निकामी होण्याशी जोडला: वळताना पीळ एकाच बाजूला जास्त बसतो, असा तर्क. पुढच्या अभ्यासांचे मात्र यावर एकमत नाही. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबली, तर कळ कुल्ह्यापासून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. ठाण्याजवळच्या कळव्याहून लोकलने जाणारा रुग्ण या दुखण्याचे खापर गर्दीतल्या धक्क्यांवर फोडतो. पण वय, आनुवंशिकता आणि धूम्रपान हेही जबाबदार असतात.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. लघवीवरचा ताबा सुटल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कळव्यात ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.