बालेवाडीची स्पर्धा कुठे गेली?

नवी मुंबईहून द्रुतगती मार्गाने निघालेल्या टेनिसप्रेमीला पुण्याच्या गर्दीत न शिरता गाठता येणारे ठिकाण म्हणजे बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र खुली टेनिस स्पर्धा भरली. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचा कारभार पाहणाऱ्या एटीपीच्या मुख्य मालिकेतील ती दक्षिण आशियातील एकमेव स्पर्धा होती. २०२४ च्या वेळापत्रकातून ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी हाँगकाँगचे नाव आले.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अशी स्पर्धा गावाच्या मालकीची नसते. एटीपीच्या वेळापत्रकातील विशिष्ट आठवडा हा एक हक्क असतो. हा हक्क बाळगणारी कंपनी स्थानिक संघटनेशी ठरावीक मुदतीचा करार करते. मुदत संपली की स्पर्धा दुसरीकडे जाऊ शकते. महाराष्ट्रालाही ती अशीच मिळाली होती. १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही स्पर्धा पुढल्याच वर्षी चेन्नईत गेली आणि नुंगमबाक्कमच्या स्टेडियममध्ये २०१७ पर्यंत रमली. पॅट्रिक राफ्टर, कार्लोस मोया, स्टॅनिस्लास वावरिंका यांनी ती तिथे जिंकली. त्यानंतर महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने पाच वर्षांसाठी आयोजनाची जबाबदारी घेतली. चेन्नईचे प्रेक्षक तेव्हा हळहळले, ती पाळी नंतर पुणेकरांवर आली.

त्याआधी मुंबईनेही हा अनुभव घेतला होता. २००६ आणि २००७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात एटीपीची वेगळी स्पर्धा झाली. पहिल्या वर्षी दिमित्री तुर्सुनोव्हने टोमास बर्डिचला, तर दुसऱ्या वर्षी रिचर्ड गास्केने ऑलिव्हिये रोशूला अंतिम फेरीत हरवले. २००८ मध्ये ती बंगळूरला व्हायची होती, पण सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाली.

बालेवाडीतील एकेरीने मात्र प्रेक्षकांना निराश केले नाही. २०१८ मध्ये बिगरमानांकित जिल सिमोनने उपांत्य फेरीत अग्रमानांकित मारिन सिलिचला आणि अंतिम फेरीत केविन अँडरसनला नमविले. २०१९ चा अंतिम सामना तर विसरण्याजोगा नाही. सहा फूट आठ इंचांचा अँडरसन आणि सहा फूट अकरा इंचांचा, वयाच्या ३९ व्या वर्षी खेळणारा इव्हो कार्लोविच समोरासमोर होते. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले. अँडरसनने ७-६, ६-७, ७-६ अशी बाजी मारली. २०२० मध्ये स्पर्धा जानेवारीऐवजी फेब्रुवारीत झाली आणि यिरी वेसेली विजेता ठरला. २०२१ ची स्पर्धा कोरोनामुळे झाली नाही. २०२२ मध्ये पोर्तुगालच्या जुआव सोसाने, तर २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने विजेतेपद पटकावले. ग्रीकस्पूरचे ते या मालिकेतील पहिलेच विजेतेपद.

या पाच स्पर्धांत एकेरीच्या अंतिम फेरीत एकही भारतीय पोहोचला नाही. दुहेरीत रोहन बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह यश मिळविले, तेवढाच दिलासा. मग स्पर्धा गेल्याने आपले काय बिघडले, असे कोणी विचारील.

बिघडले ते वाइल्ड कार्डचे. २८ खेळाडूंच्या मुख्य फेरीत बहुतेकांना क्रमवारीच्या बळावर प्रवेश मिळतो, काही पात्रता फेरीतून येतात आणि तीन जागा आयोजकांच्या हाती असतात. या जागा साहजिकच घरच्या खेळाडूंना मिळतात. चेन्नईत २००९ मध्ये सोमदेव देववर्मन असाच आला आणि थेट अंतिम फेरीपर्यंत गेला. पुण्याचा अर्जुन कढे २०१८ मध्ये याच वाटेने खेळला. २०२३ मध्ये पुण्याच्याच १५ वर्षांच्या मानस धामणेला मायकेल मोहविरुद्ध उतरता आले. तो सरळ सेटमध्ये हरला, पण त्या वयात त्या दर्जाचा प्रतिस्पर्धी घराजवळच्या कोर्टवर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परदेशातील आयोजक आपल्या जागा आपल्याच मुलांना देतात, हे उघड आहे.

बालेवाडीत व्यावसायिक टेनिस थांबलेले नाही. एक पायरी खालच्या चॅलेंजर मालिकेची स्पर्धा तिथे होत आली आहे. मोठ्या स्पर्धेच्या विजेत्याला क्रमवारीचे २५० गुण मिळत. या चॅलेंजरमध्ये ते बरेच कमी असतात. नावाजलेले खेळाडू त्यामुळे येत नाहीत. तरीही या स्पर्धेला दुय्यम समजून पाठ फिरविणे बरे नव्हे. २०२४ मध्ये ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोने जिंकली, तेव्हा त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक क्रमवारीत २०४ व्या स्थानी असलेला हाच वाशेरो पात्रता फेरीतून शांघाय मास्टर्समध्ये आला आणि आपल्या मावसभावाला, आर्तूर रिंडरनेकला, अंतिम फेरीत हरवून विजेता झाला.